दादऱ्याचा टेम्पो ७६, मग सॉफ्टवेअरमध्ये ११४ काऊन?

मे महिन्यात मला सगळे एकच विचारतात, कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग करता येतं का (नाही येत बाप्पा, बंद करा, घाम पुसा आणि टेक घ्या), आणि पोळा जवळ आला की पत्रांचा सूर बदलतो. भजन, आरती, मंडळाचं गाणं, आणि त्यातलं अर्धं दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात. या वेळची पाचही पत्रं फिरून फिरून त्याच एका भानगडीवर येतात म्हणून एकत्र घेतली. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, बाकीच्यांनी राग मानू नये.

भाऊ, नमस्कार. मी नंदनवनला राहतो, घरीच लॅपटॉपवर प्रोग्रॅमिंग करतो. मंडळासाठी दादऱ्यातलं भजन करून राहिलो. तबलेवाल्या काकांनी मोबाइलच्या मेट्रोनोमवर टॅप करून टेम्पो ७६ सांगितला. मी ६/८ घेतलं, ७६ टाकलं, तर गाणं बैलगाडीसारखं चालतं. ४/४ ठेवून ७६ टाकलं तर चाल बरोबर वाटते, पण बारच्या रेघा कुठेच जुळत नाहीत. शेवटी ६/८ मध्येच कानाने १११, ११५ असं करत बसलो. काकांचं चुकलं की सॉफ्टवेअरचं?

कोणाचंच नाही. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजून राहिले आणि तुम्ही मधात सापडलात.

काका टॅप करत होते तेव्हा त्यांचं बोट कुठे पडत होतं ते आठवा. धा धीं ना, धा तीं ना. दादऱ्यात माणसाचा पाय प्रत्येक मात्रेला हलत नाही, तो पडतो पहिल्या 'धा'वर आणि मग चौथ्या मात्रेच्या 'धा'वर, म्हणजे समेवर आणि खालीवर. काकांनी तेच टॅप केलं. मिनिटाला ७६ वेळा पाय पडला, आणि प्रत्येक पावलात तीन मात्रा, म्हणजे मिनिटाला २२८ मात्रा. हे झालं काकांचं गणित.

आता सॉफ्टवेअर. तुम्ही टेम्पोच्या चौकटीत ७६ लिहिता तेव्हा ते वाचतं की मिनिटाला ७६ क्वार्टर नोट, क्वार्टर म्हणजे ४/४ च्या बारचा चौथा हिस्सा. वर ४/४ लिहिलंय, ६/८ लिहिलंय का १२/८, त्याला काही घेणंदेणं नाही, एबलटन घ्या, लॉजिक घ्या, क्यूबेस घ्या, आकडा क्वार्टरचाच. ६/८ मध्ये तुमची मात्रा म्हणजे एट्थ नोट, आणि एका क्वार्टरमध्ये एट्थ बसतात दोन, तीन नाही. मग ७६ गुणिले २, झाल्या १५२ मात्रा. पाहिजे होत्या २२८. तीनातला एक हिस्सा वेग तिथेच गेला, बैलगाडी नाही होणार तर काय होणार.

इलाज एका ओळीचा आहे, पायाचा जो आकडा असेल त्याची दीडपट करून टाका. ७६ ची दीडपट ११४. तुम्ही १११ आणि ११५ च्या मधात चाचपडत होता ना, म्हणजे कान एकदम ठीक आहे तुमचा, फक्त एक आकडा पलीकडे थांबलात. असंच ६० चं ९०, ७२ चं १०८, ८० चं १२०, ८४ चं १२६. उलटं जायचं असेल, समजा कोणी तयार ६/८ ची फाइल पाठवली आणि त्यावर १३२ लिहिलंय, तर तिनाने भागून दोनाने गुणा, ८८ आलं, हा पायाचा वेग, मेट्रोनोमवर हाच लावून तालीम करा.

खात्री करायची असेल तर मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या आणि दहा आवर्तनं मोजा. पायाच्या ७६ ला दहा आवर्तनं १५.८ सेकंदांत संपली पाहिजेत. २३.७ सेकंद लागले तर समजा आकडा दीडपट करायचा राहून गेला. मी अजूनही नवीन प्रोजेक्ट उघडला की हे करतो, आणि त्यात मला लाज वाटत नाही.

आता यातली गंमत. तुमचे काका तबला शिकलेले असतील तर त्यांना आड लय माहीत असणारच, दोन मात्रांच्या वेळात तीन. ६/८ च्या एका बारमध्ये पाय पडतो दोनदा आणि क्वार्टर नोट बसतात तीन. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर काकांचा ठेका आडमध्ये मोजून राहिलं. असं सांगून बघा, ते हसतील, आणि अर्ध्या मिनिटात त्यांना जे समजेल ते मला ट्युटोरियल बघून समजायला सहा महिने लागले होते.

असं का ठेवलं असेल, तर सगळं क्वार्टरवर टांगलेलं आहे म्हणून. १९८३ मध्ये मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा) आलं तेव्हापासून त्याचं घड्याळ एका क्वार्टरला २४ ठोके असं चालतं. मिडी फाइलमध्ये टेम्पो लिहितात तोही 'एका क्वार्टरला किती मायक्रोसेकंद' असा, १२० चा टेम्पो म्हणजे ५,००,०००, तुमचा ११४ म्हणजे साधारण ५,२६,३१६. बिचाऱ्यांनी पायाचा विचार केलाच नाही असं मात्र नाही. त्याच फाइलमध्ये टाइम सिग्नेचरच्या नोंदीत मेट्रोनोम किती ठोक्यांनी वाजवायचा हे लिहायला जागा आहे, ६/८ साठी तिथे ३६ लिहिता येतं, म्हणजे बरोबर दीड क्वार्टर, म्हणजे तुमचा पाय. पण ती सोय क्लिकची, म्हणजे मेट्रोनोमच्या टकटकीची, टेम्पोचा आकडा तरीही क्वार्टरचाच.

प्रो टूल्स वापरणाऱ्यांना थोडं सुख आहे. तिथे टेम्पोच्या आकड्याशेजारी कोणती नोट मोजायची ते निवडता येतं, डॉटेड क्वार्टर (म्हणजे दीड क्वार्टर) निवडा आणि सरळ ७६ लिहा. बाकीच्यांनी दीडपट पाठ करावी.

आणि क्लिकचं तेवढं बघा. ६/८ लावल्यावर बऱ्याच ठिकाणी क्लिक प्रत्येक एट्थला वाजते, मिनिटाला २२८ टकटक, हेडफोनमध्ये जुना टायपरायटर चालल्यासारखं होतं आणि गाणारी बाई दुसऱ्या कडव्यातच हेडफोन काढून ठेवते. रीपरमध्ये क्लिकचा पॅटर्न बदलता येतो. मी तर कुठेही असलो तरी एक वेगळा मिडी ट्रॅक घेतो, पहिल्या मात्रेवर वुडब्लॉक जोरात, चौथीवर तोच पण हळू, बाकी चार जागा रिकाम्या. सम आणि खाली दोन्ही कानाला कळतात, आणखी काय पाहिजे. हवं तर दोन-तीनवर आणि पाच-सहावर शेकर अगदी बारीक ठेवा, पण गायकाला देताना तो बंद.

तुमचं ४/४ मधलं ७६ बरोबर वाटलं त्याचं कारणही हेच, तिथे क्वार्टर आणि पाय एकच झाले. मग रेघा का नाही जुळल्या? ४/४ च्या एका बारमध्ये चार पावलं, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. मुखडा सात आवर्तनांचा असला की अंतरा बारच्या मधातच सुरू होणार. त्यावर एक पळवाट आहे, २/४ घ्या, टेम्पो ७६ च ठेवा आणि ग्रिड ट्रिप्लेटवर (एका क्वार्टरचे तीन सारखे भाग) टाका. एका बारला एक आवर्तन, आकडा पायाचाच, दीडपट वगैरे काही नाही. एकट्याने काम करत असाल तर मस्त चालतं. पण तयार ६/८ चे लूप त्यावर सरळ बसत नाहीत, आणि कधी व्हायोलिनवाल्यासाठी नोटेशन छापायची वेळ आली तर प्रत्येक तीन नोटांवर तीनचा आकडा येतो, तो माणूस शिव्या देतो.

एक माझी फजिती सांगून पुढे जातो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका तबलजीला डमी ट्रॅक न पाठवता नुसता निरोप पाठवला, दादरा, ६/८, टेम्पो ८०. मला पायाचे ८० म्हणायचे होते, त्याने प्रामाणिकपणे सॉफ्टवेअरमध्ये ८० टाकून अडतीस ट्रॅक सुंदर वाजवून पाठवले. माझ्या २४० मात्रांच्या गाण्यावर त्याच्या १६० मात्रा. ताणून-दाबून बसवायला गेलो तर डग्गा असा वाजायला लागला की कोणी तेलाचा रिकामा पिपा बडवून राहिलं. पैसे दोनदा द्यावे लागले आणि ते बरोबरच होतं. त्या दिवसापासून निरोपात लिहितो, 'सॉफ्टवेअरमध्ये १२०, पाय ८०', आणि सोबत चार आवर्तनांचा क्लिक. चुकीच्या आकड्याची ती इडापिडा, घेऊन जा गे मारबत.

सर, मी धरमपेठेत मुलांना कीबोर्ड शिकवते. म्युझस्कोअरमध्ये ६/८ चं गाणं लिहिलं, वर डॉटेड क्वार्टर बरोबर ८० असं दिलं. मिडी काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तर तिथे १२० दाखवतंय. फाइल खराब झाली का?

नाही मॅडम, फाइल एकदम धडधाकट आहे. म्युझस्कोअरसारख्या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही आकड्याच्या आधी नोट लिहिता, म्हणून तिथे ८० म्हणजे कशाचे ८० हा प्रश्नच येत नाही. मिडीत गेलं की त्याचं क्वार्टरमध्ये रूपांतर होतं, ८० चं १२०. वाजवून बघा, वेग तोच असेल. त्या १२० ला हात लावू नका, 'दुरुस्त' करून ८० केलं तर मात्र खरंच बिघडेल. मुलांच्या वहीत डॉटेड क्वार्टरचंच लिहीत जा, नोट आणि आकडा जोडीने, ती सवय त्यांना जन्मभर पुरेल.

जयभीम दादा. इंदोऱ्याहून लिहितोय. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लोकांपर्यंत पोहोचावं म्हणून एक गाणं करतोय, ६/८, टेम्पो १२६ (तो बरोबर आहे, तपासला). गायकाच्या आवाजावर डिले टाकला, सिंक चालू, १/४ निवडलं, पण शब्द एकमेकांवर चढतात आणि ठेका लंगडा वाटतो. मॅन्युअलमध्ये डिले किती ठेवू?

जयभीम. टेम्पो बरोबर आहे, अडचण त्या १/४ मध्ये आहे. डिलेचा १/४ म्हणजेही क्वार्टरच, म्हणजे तुमच्या दोन मात्रा. गायकाने समेवर शब्द टाकला, त्याचा पहिला पडसाद येतो तिसऱ्या मात्रेच्या 'ना'वर, दुसरा पाचव्या मात्रेच्या 'तीं'वर, तिसरा पुढच्या समेवर. चौथ्या मात्रेचा 'धा', जिथे लोक टाळी वाजवणार आहेत, तिथे काहीच नाही. ठेका लंगडा नाही, तुमचा इको आडमध्ये गातोय.

डॉटेड क्वार्टर निवडा, बऱ्याच प्लगइनमध्ये ते १/४ डॉटेड म्हणून दिसतं. पडसाद सरळ पुढच्या पावलावर पडेल. हाताने आकडा टाकायचा असेल तर ६०,००० ला १२६ ने भागा, ४७६ मिलिसेकंद आले, हा क्वार्टर. त्याची दीडपट ७१४, हे तुमचं पाऊल. क्वार्टरचं अर्धं केलं की २३८, ही एक मात्रा. शब्द भरगच्च असतील तर ७१४ ठेवा, फीडबॅक कमी, आणि पडसादातले खालचे सूर ईक्यूने कापा, नाहीतर बाबासाहेबांचं नाव घेतलं जातं तिथेच चिखल होतो आणि या गाण्यात नेमका तोच शब्द स्वच्छ ऐकू यायला पाहिजे. कव्वालीच्या अंगाने कोरस 'हो' म्हणून लांबवतो तिथे मात्र तुमचा तो आडवा १/४ फक्त कोरसवर ठेवून बघा, शब्द नसले की तो लंगडेपणा छान झुलतो. चूक म्हणून काढून टाकू नका, जागा बदला.

आणि एक, लोक हे गाणं छोट्या स्पीकरवर, मोबाइलवर ऐकणार, त्यामुळे रिव्हर्ब तुम्हाला स्टुडिओत जेवढा कमी वाटतोय त्यापेक्षाही कमी ठेवा.

भाऊ, महालातून. आमच्या गाण्यात मुखडा दादऱ्यात आणि अंतरा आठ मात्रांच्या केरव्यात आहे, ऑक्टोपॅडवाला स्टेजवर हे सहज करतो. सॉफ्टवेअरमध्ये ६/८ वरून ४/४ केलं, टेम्पो ११४ तसाच ठेवला, तर केरवा भलताच पळतो. टेम्पो बदलायचा की नाही?

आधी ऑक्टोपॅडवाल्याला विचारा की जोडावर तो काय सारखं ठेवतो, पाय की मात्रा. सगळं उत्तर यावर आहे.

स्टेजवर बहुतेक जण पाय सारखा ठेवतात, कारण समोरची पब्लिक टाळी वाजवत असते आणि टाळी तोडली की मजा जाते. दादऱ्यात एका पावलात तीन मात्रा होत्या, केरव्यात त्याच पावलात चार येतात, धा गे ना ती एक पाऊल, न क धी न दुसरं. पाऊल तेच. मग सॉफ्टवेअरमध्ये ६/८ चे ११४ संपले की ४/४ च्या पहिल्या बारवर टेम्पो ७६ करावा लागतो, कारण आता क्वार्टर म्हणजेच पाय. केरव्याच्या मात्रा सोळाव्या हिश्श्यात लिहा, एका बारमध्ये दोन आवर्तनं बसतील. स्क्रीनवर ११४ वरून ७६ दिसलं की गाणं मंदावलं असं वाटतं, पण डोळे मिटून ऐका, पाय तोच आहे. तुमचा ११४ तसाच राहिला आणि मात्रा सोळाव्या हिश्श्यात लिहिलेल्या असतील, म्हणून पाऊल दीडपट पळालं.

मात्रा सारखी ठेवायची असेल, म्हणजे त्याच २२८ च्या चालीने आधी सहा आणि मग आठ मोजायच्या, तर केरवा एट्थमध्ये लिहा आणि ११४ ला हात लावू नका. हे ऐकायला जरा जड होतं, पण एखाद्या शांत अंतऱ्याला शोभतं.

दोन्हीपैकी काहीही करा, टेम्पोचा बदल एकदम होणारा ठेवा. काही सॉफ्टवेअर हळूहळू उतरणारा बदल आपोआप घालतात आणि मग मुखड्याची शेवटची दोन आवर्तनं ब्रेक लागल्यासारखी वाजतात. गायकाचं आधी रेकॉर्ड झालेलं असेल तर तो ट्रॅक टेम्पोसोबत ताणला जाणार नाही असं लॉक करून मगच हे सगळं करा. मी हे नेहमी विसरतो.

नमस्कार. आमचं खंजिरी भजन मंडळ आहे, वय सगळ्यांचं पन्नासच्या वर. क्लिक लावून रेकॉर्ड करायला बसवलं तर भजनाचा जीवच जातो, आणि क्लिक नाही लावली तर नंतर मुलगा म्हणतो की कीबोर्ड जोडता येत नाही. काय करावं?

क्लिक लावू नका काका. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीची परंपरा सांगणारे लोक तुम्ही, कानात टकटक घेऊन कशाला बसता. मोकळं म्हणा, मोकळं वाजवा, दोन माइक पुरेत, एक आवाजांवर आणि एक खंजिरीपासून हातभर लांब, जवळ नेलात तर चकत्यांचा आवाज कानात टोचतो.

पुढचं तुमच्या मुलासाठी. रेकॉर्डिंग झाल्यावर टेम्पो मॅप बनव. भजन दादऱ्यात असेल तर ६/८ लाव आणि प्रत्येक सम जिथे पडते तिथे बारची रेघ ओढून बसव, मधल्या मात्रांच्या नादी लागू नको, खंजिरीवाल्याच्या तीन मात्रा कधीच एकसारख्या नसतात आणि त्या तशाच राहू दे. सम-सम जोडली की प्रत्येक बारचा टेम्पो सॉफ्टवेअर स्वतः काढतं. सुरुवातीला १०८ आणि शेवटच्या कडव्यात १२६ असं काही दिसलं तर घाबरू नको, ते क्वार्टरचे आकडे आहेत, पायाच्या हिशेबात ७२ वरून ८४. काकांनी लय चढवली, भजनात चढतेच. सरळ रेघ करायला जाऊ नको. तुझा कीबोर्ड त्या चढत्या आकड्यांवर वाजव, आणि शेवटची तिहाई संपते तिथे मॅप सोडून दे, तिथे काका बघ कसे थांबतात, त्यांच्याकडे बघून हाताने वाजव.